नव्वदपटीचं छप्पर

छप्पर गळतं म्हणून चढता शेअर विकणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याविषयी मला फार बोलायचं नाही. असली माणसं पेरणीच्या आधी बियाणं भाजून खातात आणि म्हातारपणी बँकेच्या पायरीवर बसून ‘तेव्हा ठेवले असते तर’ म्हणत सुस्कारे टाकतात. मी त्यांतला नाही. मी हॅल्वर फॉल्सच्या हायस्कुलात भूमिती शिकवतो. एकदा रेषा आखली की ती अनंतापर्यंत जाते, हे मला पोटासाठी रोज सांगावं लागतं.

आता ते पैसे मुळात छपराचेच होते, असं माझी बायको व्हर्ना म्हणते. म्हणू दे. तिने ते शाळेच्या भटारखान्यात मुलांना बटाटे वाढून साठवले होते हे खरं, पण साठवणं वेगळं आणि वाढवणं वेगळं. बँकेत पडलेला पैसा म्हणजे कोचावर लोळणारा मेहुणा. खातो तेवढाच, वाढत काही नाही.

मला ही दृष्टी दिली मर्लिन ओपसालने. मर्लिन म्हणजे आमच्या गावचा शेअर दलाल. बँकेच्या माडीवर त्याचं ऑफिस, आणि अख्ख्या गावात बर्फातसुद्धा बूट चकाकतात ते फक्त त्याचे. चर्चच्या तळघरात लुटफिस्कचं जेवण होतं. सुकवलेला मासा कॉस्टिक सोड्यात मऊ करून खायचा, वर लोणी ओतायचं आणि नॉर्वेहून आलेल्या पणजोबांची आठवण काढून चेहरा सरळ ठेवायचा, असा तो कार्यक्रम. मर्लिन माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, “अर्व्हिड, लुमाट्रॉन घे. या शेअरात निर्णय एकदाच करायचा. घ्यायचा. विकायचा निर्णय करायचाच नाही.”

“पण कंपनी करते काय?”

“रंगीत नक्कल काढणारं यंत्र. कागद घातला की दुसरीकडून तस्साच कागद बाहेर, रंगांसकट!”

ते यंत्र मी पाहिलं नव्हतं. मर्लिननेही नव्हतं. पण न पाहिलेल्यावर विश्वास ठेवायचं शिक्षण आम्हा सगळ्यांना त्याच इमारतीत, फक्त एक मजला वर, लहानपणापासून मिळालेलं. मी दुसऱ्याच दिवशी वीस शेअर घेतले. छपराच्या पैशांत वीस शेअर नेमके बसले, न कमी न जास्त. याला मी शुभशकुन समजलो.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई बटाटे सोलत होत्या. गुडरून आजी, वय अठ्ठ्याऐंशी, कान तिखट आणि जीभ त्याहून. माझ्याच घरी, वरच्या पुढच्या खोलीत राहतात.

“केवढ्याला पडले?” त्यांनी विचारलं.

“मा, किंमत बघायची नसते. वाढ बघायची असते. कंपनीच्या नफ्याच्या नव्वदपट भाव आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे कंपनीने आजच्याएवढाच नफा कमावला, तर दिलेले पैसे नफ्यातून वसूल व्हायला नव्वद वर्षं लागतील. पण तो वाढणार आहे!”

सुरी थांबली. “व्हर्ना,” त्या लेकीला म्हणाल्या, “मला एवढं थांबवणार नाही बाई. माझ्या खोलीवरचं तेवढं आधी करून घ्या.”

अडाणीपणा, दुसरं काय! मी वर्तमानपत्र उघडलं.

आणि लुमाट्रॉन चढला! असा चढला की मी वर्गात फळ्यावर आलेख काढताना रेष आपोआप वर जायची. शेजारचा लेस्टर क्विंबी कुंपणावर कोपरं टेकून सल्ला द्यायला उभाच असायचा. जन्मभर दुधाची गाडी चालवून निवृत्त झाला आणि आता सल्ल्याचा रतीब घालतो. “अर्व्हिड, अर्धे विक, छप्पर घाल, अर्धे ठेव,” म्हणाला. मी त्याला विचारलं, “लेस्टर, मूल गुणी निघालं तर तू अर्धं विकशील का?” त्याने बराच वेळ विचार केला. मग कोणतं मूल, असं विचारलं.

छप्परवाल्याने तेव्हा नऊ शेअर सांगितले होते. म्हणजे त्याने डॉलरच सांगितले, पण मी आता सगळं शेअरांत मोजायला लागलो होतो. नऊ लुमाट्रॉन, डांबरी पट्ट्यांसाठी! पुढं-मागं ज्यांची किंमत एका नव्या घराएवढी होईल, ते देऊन जुन्या घराची टोपी शिवायची? मी त्या माणसाला कॉफी पाजून परत पाठवलं. व्हर्नाने काही न बोलता हिवाळ्यासाठी फळं उकळून बरण्यांत भरताना वापरतो तो मोठा हंडा आईच्या पलंगाशेजारी नेऊन ठेवला. तिचं हे काही न बोलणं मला कधीच आवडलेलं नाही.

मोह माणसाला होतो तो वस्तू हाताशी असली की. शेअर सर्टिफिकेट कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली व्हर्नाकडे. तेव्हा मी ठरवलं की हे असं ठेवायचं की विकणं कुणाच्या मनातच येऊ नये. आणि आमच्याकडे ज्याचा माणसाला अभिमान वाटतो त्याचं काय करतात, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. ते ओटो ग्लेंझरकडे नेतात.

ओटो मेलेल्या जनावरांत पेंढा भरतो: मासे, हरणांची डोकी. तळ्यातून मोठा मस्की मासा निघाला की तो पाइनच्या फळीवर चढवून, पॉलिश मारून, खाली पितळी पट्टी ठोकून देतो. गावातल्या प्रत्येक बैठकीत ओटोचा एक मासा आ वासून बसलेला असतो. मी सर्टिफिकेट काउंटरवर ठेवलं. ओटोने ते उलटंसुलटं केलं.

“याला डोळे नाहीत बसवायचे?”

“नाहीत. पण काम कायमचं हवं, ओटो. निघता कामा नये.”

हे वाक्य मी बोललो. साक्षीला तिथे दोन हरणं होती.

ओटो दुखावल्यासारखा झाला. “ग्लेंझरने चिकटवलेलं निघालंय असं अजून घडलेलं नाही.” मग त्याने वही पुढे ओढली. “पट्टीवर काय घालू? कुठल्या तळ्यातलं? वजन?”

तळ्याच्या जागी आम्ही न्यूयॉर्क टाकलं आणि वजनाच्या जागी त्या दिवशीचा भाव. पाइनची जाड फळी, कडक सरस, वर लाखेच्या पॉलिशचे तीन हात. बैठकीत मस्कीच्या शेजारी लावलं तेव्हा दोघांत उजवं कोण हे ठरवणं कठीण होतं. शुक्रवारी तळलेले मासे खायला क्लबात गेलो की लोक विचारायचे, “काय मास्तर, फळीवरचा कितीला गेला?” मी ब्रँडीचा घोट घेऊन नुसता हसायचो. सुखाचे दिवस होते ते.

मग लुमाट्रॉन उतरायला लागला.

आधी हळूहळू, बर्फावर पाय घसरावा तसा. मग पेट्रोल महागलं, रांगा लागल्या, आणि वर्तमानपत्राच्या शेअरांच्या पानाकडे बघताना मी चष्मा काढून ठेवायला लागलो. मर्लिन मात्र प्रसन्न होता. “अर्व्हिड, दुबळे हात सुटतायत! ही तर चाळणी आहे. जो टिकला तो जिंकला.” लेस्टर म्हणाला, “आता तरी विक.” मी म्हणालो, “चढताना विकला नाही तो पडताना विकू?” यात कुठेही तर्कदोष नाही. भूमितीच्या शिक्षकाला तर्कदोष शिकवू नये.

छपरानेही याच सुमारास मर्यादा सोडली. रविवारी दुपारी गुडरून आजी डुलकी काढत असताना आढ्याच्या गिलाव्याचा पोळपाटाएवढा तुकडा त्यांच्या पायांशी पडला. त्या उठल्या, झगा झटकला, खाली आल्या आणि जेवणाच्या टेबलापाशी छत्री उघडून बसल्या. घरात! माझ्या घरात! त्यात पाद्री आला भेटायला, तर त्याला म्हणाल्या, “या, बसा. छत्री आणलीत का? जावई माझा मोठा गुंतवणूकदार आहे.”

लेस्टर शिडी लावून पोटमाळ्यावर जाऊन आला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. आमचे नुसते फिरले नव्हते, कुजले होते. “यावर बर्फाचा भार पडला तर म्हातारीच्या अंगावर येईल सगळं,” तो म्हणाला आणि पहिल्यांदाच सल्ला न देता निघून गेला. मला त्याचंच जास्त भय वाटलं.

त्या संध्याकाळी व्हर्ना बोलली. भांडी विसळता विसळता, माझ्याकडे न बघता.

“बर्फाच्या आधी छप्पर झालं नाही, तर मी आईला घेऊन इंगाकडे जातेय.”

“हिवाळाभर?”

“हिवाळाभर. पुढचं पुढे. मी परत येईनच असं धरून चालू नकोस, अर्व्हिड. ते पैसे छपराचे होते. बटाट्याची एकेक पळी वाढून जमवलेले. मी तुला हे एकदाही म्हटलं नाही, ते आज म्हणतेय.”

इंगा ही तिची धाकटी बहीण. तिचा नवरा शवपेट्यांचा व्यापार करतो. त्याने आयुष्यात एक शेअर घेतलेला नाही आणि त्याचं छप्पर तांब्याचं आहे. माझी बायको आणि सासू त्या माणसाच्या तांब्याखाली आसरा घेणार? मी उठलो. तांब्यामुळे उठलो की व्हर्नामुळे, याचा उलगडा मी केला नाही. मी खुर्चीवर चढलो आणि फळी उतरवली.

ती काखेत मारून मी बँकेची माडी चढलो. मर्लिन बघतच राहिला.

“विकायचेत,” मी म्हणालो, शक्य तेवढ्या तुच्छतेने.

“विक ना. सर्टिफिकेटच्या मागे सही कर.”

मी फळी उलटी केली. मागे पाइन होतं. पाइनवर एक गाठ होती आणि खिळा होता.

मर्लिनने घसा साफ केला. म्हणाला, सही वेगळ्या कागदावर चालते, बँकेत जाऊन ती आपलीच असल्याचा शिक्का आण, पण मूळ सर्टिफिकेट न्यूयॉर्कच्या कचेरीत जायलाच हवं. शिक्क्याला बँकेचा मॅनेजर. मॅनेजर म्हणजे माझाच जुना विद्यार्थी, त्रिकोणात दोनदा नापास केलेला. त्याने माझ्याकडे ओळख पटवायला कागद मागितले! मी म्हणालो, “अरे, मी तुला ओळखतो.” तो म्हणाला, “सर, प्रश्न मी तुम्हाला ओळखण्याचा आहे.” मग घरी जाऊन मोटारीचं लायसन आणलं. मग फळी खोक्यात घालून पोस्टात दिली, पार्सलचा खर्च ऐकून पोस्टमास्तरीणबाईंशी वाद घातला, आणि वाट पाहत बसलो. भाव रोज उतरत होता. झाडांची पानं गेली. फळी परत आली. सोबत एक चिठ्ठी: आमची कचेरी फर्निचर स्वीकारत नाही.

मी न्यूयॉर्कला फोन लावला. एक बाई बोलल्या.

“तुमचं सर्टिफिकेट हरवलंय का?”

“नाही हो. समोरच आहे.”

“मग हरवल्याचा अर्ज करता येणार नाही. फाटलंय?”

“छे! उलट त्याला तीन हात पॉलिश दिलंय.”

“म्हणजे चांगल्या स्थितीत आहे?”

“उत्तम!”

“मग अडचण काय आहे तुमची?” आणि फोन ठेवला.

ओटोकडे गेलो. त्याने दार उघडलं, माझ्या काखेतली फळी पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. “काढायची? अर्व्हिड, लोक मासा परत आणतात का? आणि मी सांगितलं होतं ना, निघायचं नाही. निघालं तर ते ग्लेंझरचं नव्हे.” त्याने वाफ दिली, पातळ पातं घातलं, आणि दर दोन मिनिटांनी मोठ्या समाधानाने मान हलवली. “बघ, बघ! कसं धरलंय!” कारागिराच्या अभिमानाला काही सीमा असावी की नाही?

शेवटी लेस्टर कुंपणापाशी आला. “कॉस्टिक सोडा,” तो म्हणाला. “तुम्हा नॉर्वेजियन लोकांना सांगायला नको. लाकडासारखा मासा त्यात मऊ होतो, तर सरस कोण लागून गेला?”

ऐकणार नव्हतो. पण आकाश राखाडी व्हायला लागलं होतं आणि व्हर्नाने कपड्यांची पेटी खाली काढून जिन्याच्या पायथ्याशी ठेवली होती, झाकण उघडं. मी मोरीतल्या टबात सोडा कालवला. गुडरून आजी छत्रीसकट स्टूल घेऊन बघायला बसल्या. साठ वर्षं लुटफिस्क केलेल्या बाई त्या.

“किती वेळ ठेवणार?” त्यांनी विचारलं.

“मासा किती ठेवता तुम्ही?”

“मासा खायला ठेवते. कागदाचं मला काय विचारतोस?”

सरस सुटला, यात शंकाच नाही. आधी पितळी पट्टी सुटून तळाशी गेली. मग पॉलिश ढवळून आलं. मग सर्टिफिकेट सुटलं, तीन तुकड्यांत, आणि त्यातल्या माझ्या नावाच्या तुकड्याचा जेलीसारखा लगदा होऊन तो टबभर थरथरत हिंडायला लागला. “लोणी आणू?” सासूबाई म्हणाल्या.

पण गंमत बघा. न्यूयॉर्कला परत फोन केला आणि फाटलंय म्हटल्याबरोबर त्या बाईंच्या आवाजात माया आली. फाटलेल्यासाठी अर्ज आहे! चांगल्या मालाला तिथे कुणी विचारत नाही, नासलेल्याला मात्र तीन प्रतींत अर्ज, वर विमा कंपनीची हमी, हमीचे पैसे आपल्या खिशातून. दुष्काळात तेरावा महिना. मी तुकडे वाळवून पाठवले. लुमाट्रॉनने मधल्या काळात जाहीर केलं की यंत्र नक्कल काढतं खरं, पण निळा रंग तेवढा येत नाही. भाव माझ्या खरेदीच्या निम्म्याजवळ आला.

नवं सर्टिफिकेट आलं त्या सकाळी बर्फाची पहिली भुरभुर होती. व्हर्नाची पेटी आता बंद होती आणि दाराशी आली होती. मी कोट अडकवून धावलो. मर्लिन ऑफिसात नव्हता, म्हणून त्याच्या घरी गेलो. आणि फाटकातच थांबलो.

छप्पर! देवदाराच्या फळ्यांचं, नवंकोरं, मधाच्या रंगाचं छप्पर, इतकं सुंदर की त्यावर पडायला बर्फालाही संकोच वाटत होता. अंगणात ताडपत्रीखाली नवी होडी. मर्लिन झाडलोट करत होता.

“हे कशाचं?” मी विचारलं.

“लुमाट्रॉनचं,” तो म्हणाला. लपवलं नाही, हे त्याचं मान्य करायला हवं. “शिखरावर असताना मोकळा झालो.”

“मर्लिन! तू तर म्हणत होतास विकायचे नसतात! आयुष्यभर ठेवायचे! चर्चच्या तळघरात, माझ्या तोंडावर!”

“तुम्हाला म्हणत होतो,” मर्लिन शांतपणे म्हणाला आणि केरसुणी भिंतीला टेकवली. “अरे अर्व्हिड, तुम्ही सगळे विकायला निघाला असता, तर माझे कोणी घेतले असते?”

 हे वाक्य वर्गात मुलांना सोडवायला द्यावं असं कधीकधी मनात येतं. त्या क्षणी मात्र मी फक्त सही केली, त्याने त्याची दलाली कापून घेतली, आणि राहिलेले पैसे घेऊन मी छप्परवाल्याकडे गेलो. त्याने पैसे मोजले, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मोजले.

“एवढ्यात अर्धं होईल,” तो म्हणाला. “पुढचा उतार नाहीतर मागचा. कुठला ते सांगा.”

मी पेन काढून विचार करायला लागलो होतो. दोन्ही उतारांचं क्षेत्रफळ, वाऱ्याची दिशा, पाण्याचा कोन. घाईने घेण्याचा निर्णय नव्हे हा. एवढ्यात छप्परवाल्याच्या दाराशी आमची मोटार थांबली आणि व्हर्ना उतरली. मागच्या सीटवर आई आणि पेटी होती, ती इंगाकडे निघालीच होती. “पुढचा,” तिने छप्परवाल्याला सांगितलं. “आईच्या खोलीवरचा. वासे आधी बदला. आज सुरू करा.” मला काही विचारलं नाही. मोटार वळवून घरी घेतली आणि पेटी वर नेली, ती आईच्या खोलीत. स्वतःची उशीही तिकडेच नेली. मागच्या उताराखाली आमची झोपायची खोली आहे. म्हणजे आता माझी.

तर आमचं घर असं आहे: रस्त्याकडून पाहिलं तर नव्या हिरव्या पट्ट्यांचं, घट्ट, अब्रूदार, मागच्या गल्लीतून पाहिलं तर जुनं काळं, वर ताडपत्री, ताडपत्रीवर लेस्टरच्या विटा. चर्चहून परतणारी माणसं मुद्दाम गल्लीकडून जातात. लोकांना कामधंदा नाही. शेअरबाजाराचं ज्ञान तर त्याहून नाही. लुमाट्रॉन पुन्हा वर जाणार आहे, हे मी त्यांना सांगतो. निळा रंग येऊ दे नुसता.

काल रविवार. जानेवारीत एखादा दिवस येतो तसं लख्ख ऊन पडलं होतं आणि छपरावरचा बर्फ वितळत होता. मी माझ्या खोलीत गुडघ्यांवर रग घेऊन, पेपरातलं शेअरांचं पान उघडून बसलो होतो. पलंगाच्या दोन्ही बाजूंना पातेली, पायथ्याशी टब. भिंतीपलीकडच्या कोरड्या खोलीत मायलेकी कॉफी पीत होत्या. कप वाजले, मग कुजबुज झाली, मग व्हर्ना हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. ते हसू मला भिंतीच्या अलीकडून ऐकावं लागलं.

मग गुडरून आजींनी भिंतीवर काठी ठोकली.

“अर्व्हिड! ए अर्व्हिड!”

“काय मा?”

“वाढतंय का रे?”

मी टबात वाकून पाहिलं. वाढत होतं.